सरांचा प्रीअँप

वास पहिल्या दिवसापासून येत होता. आणि मला तो आवडायलाही लागला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

साताऱ्यात माझा एका खोलीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, लग्नातली गाणी असलं काम. हे सगळं मी सांगलीत शिकले, सरांकडे. त्यांच्याकडे एक जुना, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअँप होता. मुंबईतला कुठलासा स्टुडिओ बंद पडला तेव्हा आणलेला. माइकमधून येणारा अगदी बारीक आवाज मोठा करायचा, हे त्याचं काम. त्याच डब्यात इक्वलायझरही होता, म्हणजे आवाजातला खर्ज आणि धार कमीजास्त करायची बटणं. संगणकातून येतो तसा कोरडा आवाज त्यातून कधी आला नाही. गाणारा माणूस शेजारी येऊन बसल्यासारखा वाटायचा. सर आम्हाला त्या बटणांना हात लावू देत नसत. पूर आला तेव्हा सगळ्यात आधी हा डबा गच्चीवर नेला, बायकोचे दागिने नंतर, असं ते प्रत्येक भाषणात सांगत आणि लोक टाळ्या वाजवत.

त्याच सरांचा एक दिवस फोन आला. "माझं वय झालं बाळ. हे आता तू सांभाळ." मी फोनवरच रडले. किंमत त्यांनी नीट वाजवून घेतली, पण तेव्हा ते मनाला लागलं नाही.

डबा आला. पुढचा पत्रा लखलखीत, पिवळ्या दिव्याखाली हलणारा काटा. तासाभरात व्हॉल्व्ह तापले आणि खोलीत वास पसरला. ओल्या पोत्याचा, आणि त्याच्यावर काहीतरी गोडसर, सडक्या केळ्यासारखं. मी सरांना फोन केला.

"जुन्या यंत्राला वास असतोच गं," सर म्हणाले. "तोच आवाजात उतरतो."

हे वाक्य मी पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. एका गायकाने तर डोळे मिटून श्वास आत ओढला आणि वा म्हणाला. आम्ही दोघं मेलेल्या कशाचा तरी वास छातीभर घेत उभे होतो.

मग औंधाहून एक बाई आल्या. यमाईच्या ओव्या गाणाऱ्या, साठीच्या पुढच्या. मुलीने हट्ट धरला म्हणून आवाज भरून ठेवायला आलेल्या. पावसाळी हवा होती. चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या आणि थांबल्याच.

"हितं काय मेलंय का गं?"

"यंत्र जुनं आहे मावशी. त्याचा वास आहे."

"जुनं हाय म्हणून असला वास?" असं म्हणून त्यांनी पदर नाकाला लावला. मी हसले. शहाण्यासारखी हसले.

त्यांना माइकपासून लांब उभं राहायची सवय नव्हती. दुसऱ्याच ओवीला ओठ जाळीला टेकले आणि त्या किंचाळून मागे सरल्या. माइकचा स्टँड आडवा झाला. मी धावत जवळ गेले तर त्या भिंतीला धरून उभ्या, ओठ थरथरतोय, डोळ्यांत पाणी. "चावलं गं मला," एवढंच म्हणाल्या. त्यांना पाणी दिलं, डॉक्टरकडे नेलं. काही झालं नव्हतं. पण परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्यांनी तोंडावरचा हात काढला नाही.

परत येऊन मी प्लग काढला, बराच वेळ थांबले आणि डब्याचं झाकण उघडलं. आत नदी होती. कृष्णेचा वाळलेला गाळ, कोपऱ्याकोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत, वायरींच्या बुडख्यात. हवेतली ओल पिऊन तो पुन्हा मऊ झाला होता. बोट लावलं तर बोटाला आला. मागच्या बाजूला एक पाल गाळात चिकटून सुकली होती. आणि प्लगकडे जाणारी, शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची वायर कापलेली होती. ती तुटली नव्हती. पकडीने कापून, टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळली होती. मी मोरीत जाऊन उलटी केली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन एसटीने सांगलीला गेले. सर झोपाळ्यावर होते. मी झाकण काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"हा गाळ कसला सर?"

"धूळ असेल."

आतून काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "अगंबाई, अजून आहे का माती? मी ब्रशने किती काढली होती. पाणी ओसरलं तेव्हा ह्यातून मासळीच्या बाजारासारखी घाण येत होती."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकू कप ठेवून आत गेल्या.

"गच्चीवर नेला होता ना?" मी विचारलं.

"लोकांना असं काहीतरी ऐकायला आवडतं."

"आणि अर्थिंग?"

"पुरानंतर घूं असा आवाज येत होता. वायर काढली की बंद होतो. सगळेच काढतात."

"सर, एका बाईंना शॉक बसला. तोंडाला."

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. मला वाटलं, आता माफी मागतील. "कोण होत्या?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, बोभाटा करणाऱ्यातल्या नाहीत ना?" मग मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. कोल्हापुरात एक पोरगा असंच काही शोधतोय. मी त्याला तुझं नाव सांगतो. चांगला पुसून दे."

त्या हाताखाली माझं अंग आकसलं. ह्याच हाताने मला माइक कसा धरायचा ते शिकवलं होतं. मी खांदा काढून घेतला. तो डबा त्यांच्याकडे ठेवला असता तर आठवड्यात कोल्हापूरला गेला असता, म्हणून जड ओझं उचलून मी परत स्टँडवर आले. एसटीत शेजारच्या बाईने नाक मुरडून खिडकी उघडली.

घरी मी व्हॉल्व्ह फोडले, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी कापली, पत्रा भंगारात दिला. कुणालाही दुरुस्त करता येऊ नये इतकं केलं. खोलीतला आवाज शोषणारा स्पंज फेकला, भिंती धुतल्या.

औंधच्या मावशींना मी फोन करून सगळं खरं सांगितलं. "त्यो मास्तर तुझाच का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या पुन्हा साताऱ्याला आल्या नाहीत. साधा माइक आणि बॅटरीवरचा रेकॉर्डर घेऊन मीच औंधला गेले आणि त्यांच्या पडवीत ओव्या भरून घेतल्या. आवाज कोरडा आला, पण सगळा आला.

मध्यंतरी सांगलीत सरांचा सत्कार होता. जुनी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोला, असा आयोजकांचा आग्रह होता. मी का येणार नाही ते त्यांना वायरीसकट सांगितलं. फोनच्या पलीकडचा माणूस म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण निदान सरांसोबतचा एखादा फोटो पाठवाल का?"