यादीत नसलेली बाई

"हे घाल आणि मागे राहा," मृणाल म्हणाली. "पुढे क्लोई असेल. आज टीचर ती."

तिने माझ्या हातात पिवळं चकचकीत जाकीट दिलं. रस्ते खोदणारे घालतात तसलं. ऑकलंडचा फेरीबोटीचा धक्का, शुक्रवारची सकाळ, आणि समोर माझे चौदा विद्यार्थी. सगळे कोरियाचे. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी नर्स, दोघी गृहिणी. मी त्यांना आठ महिने इंग्रजी शिकवत होते. कोरियात शिक्षकाला नावाने हाक मारत नाहीत, 'सॉनसेंगनिम' म्हणतात. वही देताना दोन्ही हातांनी देतात. ते चौदा जण आता माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी जाकीट घातलं. चेनसुद्धा नीट वरपर्यंत लावली.

ती सहल माझी होती. दर शुक्रवारी मी वर्ग बाहेर न्यायचे. माउंट ईडन झालं होतं, मिशन बे झालं होतं. आज डेव्हनपोर्ट. बोटीने पलीकडे जायचं, टेकडी चढायची, उतरताना प्रत्येकाने तीन अनोळखी माणसांना तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची. हा धडा मी बसवला होता. कुठे थांबायचं, कुठे स्वच्छतागृह आहे, पावसाचं जाकीट कुणी विसरेल, वर्गातल्या पार्कसाहेबांचा गुडघा कुठे दुखेल, सगळं माझ्या फाइलमध्ये होतं. ती फाइल आता क्लोईच्या काखेत होती.

क्लोई आमच्या रिसेप्शनवर बसते. चोवीस वर्षांची, गोरी, मनाने बरी. तिने आयुष्यात एक तास शिकवलेलं नाही. पण त्या दिवशी सोलहून तीन पाहुणे आले होते. विद्यार्थी पाठवणाऱ्या एजन्सीचे लोक. त्यांना दाखवायला आमच्या मॅनेजरला, ग्रॅहमला, "खरी किवी टीचर" हवी होती.

मंगळवारी त्याने मला केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं होतं. मी "ओके" म्हटलं. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. एवढ्यावर संपलं.

बाहेर मृणालने समजूत घातली. ती विद्यार्थ्यांची सोय बघते. पुण्याची. इथे बारा वर्षं झाली तिला. मी नोकरीला लागले त्या दिवशी तिने माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग "गावात कुठल्या बाजूला राहता?" उत्तर ऐकून "असं होय" म्हणाली. त्यानंतर घरचं कधी काही विचारलं नाही.

"तुझं इंग्लिश छानच आहे गं," ती म्हणाली, "पण त्यांना चेहरा लागतो. एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि तू कष्टाळू आहेस. तुम्हा लोकांना सवय असते, तुम्ही मनाला लावून घेत नाही."

तुम्हा लोकांना. हे ऐकायला मी समुद्र ओलांडून आले होते.

"यादी तूच कर," ती म्हणाली. "तुझ्यासारखी कुणाला जमत नाही. फक्त तुझं नाव टाकू नकोस. पाहुणे विचारतील, ही कोण."

मी यादी केली. विद्यार्थी चौदा. पाहुणे तीन. समन्वयक, मृणाल. टीचर, क्लोई. एकूण एकोणीस. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात.

का केली, तेही सांगते. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला आहे. मुदत संपायला पाच महिने उरले होते. वय सेहेचाळीस. मागे अठरा वर्षं विनाअनुदानित शाळेत काढलेली, आज अनुदान येईल, उद्या येईल करत. नवरा गेला तेव्हाही अनुदान आलं नव्हतं. मुलगी नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पापाटोएटो नावाच्या उपनगरात मी एका खोलीत राहते, कपाटावर रिकामी बॅग आहे. रात्रंदिवस ती दिसते.

आणि दुसरं कारण माझी आई. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. मी बी.एड.च्या सुट्टीत घरी आले होते, तेव्हा तपासणीला साहेब येणार होते. आईने पहाटे उठून शिजवलं. साहेबांची जीप दिसली तशी हेडमास्तर आईला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा मागं बसा." वाढायला सरपंचांची भावजय उभी राहिली. आई स्वयंपाकाच्या शेडच्या मागे, लाकडांच्या ढिगाजवळ बसली. साहेबांनी चव घेऊन भावजयीला शाबासकी दिली. मी कुंपणापाशी उभी होते. शिकलेली, तेवीस वर्षांची. गप्प.

घरी जाताना आई म्हणाली, "काम तर आपलंच हाय ना. मग झालं की."

हे वाक्य मी तेवीस वर्षं औषधासारखं घेतलं. अठरा वर्षं बिनपगारी शिकवताना घेतलं. त्या सकाळी धक्क्यावरही घेतलं. काम तर आपलंच.

टेकडीवर क्लोई माझ्या कागदावरून वाचत होती. चुकत होती, हसत होती, पाहुणेही हसत होते. मी मागे पाण्याच्या बाटल्यांची पिशवी धरून उभी होते. वर वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. पार्कसाहेब, वय एकसष्ट, बाटली घ्यायला आले. दोन्ही हातांनी घेतली. तोंडातून अर्धा शब्द निघाला, "सॉन…" आणि मृणालकडे बघून त्यांनी तो गिळला.

खाली उतरलो तेव्हा एका पाहुणीची टोपी वर बाकावर राहिली होती. मृणाल माझ्याजवळ आली. "पटकन आणशील का गं? तुझे पाय चांगले आहेत. आम्ही थांबतो."

मी गेले. टोपी बाकाखाली वाऱ्याने अडकली होती. ती घेऊन जवळजवळ पळत खाली आले. धक्क्याच्या टोकाला पोचले तर बोट निघालेली. अंतर फार नव्हतं. वरच्या मजल्यावर माझा वर्ग दिसत होता. चौदा डोकी. मी सवयीने मोजली.

फोन लावला. मृणालने उचलला.

"अगं बाई! तू राहिलीस? पण मी सगळी नावं घेतली गं. यादी बरोबर जुळली!"

यादी बरोबर जुळली.

मी चूक केली नव्हती. आयुष्यात माझी यादी चुकलेली नाही. एकोणीस म्हटले होते, एकोणीस चढले. विसावं कुणी नव्हतंच. मला कुणी विसरलंसुद्धा नाही, विसरायला आधी मोजावं लागतं. हेडमास्तरांनी आईला शेडमागे बसायला सांगितलं होतं. मला कुणी सांगावंही लागलं नाही. मी पेन घेतलं आणि स्वतःला खोडलं.

पुढच्या बोटीला अर्धा तास होता. मी लाकडी बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी माओरी बाई होती. माझ्या जाकिटाकडे बघून "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाली आणि विचारलं, "पुढची बोट किती वाजता, डिअर? तू इथेच काम करतेस ना?" तिचा दोष नाही. मी वेळ सांगितली. मग जाकीट काढलं, घडी घातली. घडी नीट बसेना. तीनदा घातली.

सोमवारी वर्गात गेले. धडा 'का'ने सुरू होणाऱ्या प्रश्नांचा. पार्कसाहेब उभे राहिले. वाक्य मनात जुळवून, सावकाश, एकही चूक न करता त्यांनी विचारलं:

"शुक्रवारी तुम्ही टीचर का नव्हता?"

मीच शिकवलेलं वाक्य. चौदा माणसं उत्तराची वाट बघत होती. उत्तर मला येत होतं. मी हो म्हटलं म्हणून. ते मोठ्याने सांगायची लाज वाटली.

मी त्यांना लिहायला काम दिलं आणि मधल्या सुट्टीत ग्रॅहमकडे गेले. कागद तयार नव्हता, त्याच्याच टेबलावरचा घेतला. उभ्याने लिहिलं. एक, या वर्गाची शिक्षिका मी आहे. दोन, पाहुणे येवोत, आणखी कुणी येवो, माझा धडा मीच शिकवीन. तीन, हे मान्य नसेल तर कारण लेखी द्यावं. खाली पूर्ण नाव. आडनावासकट.

त्याने वाचलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

"तुझा व्हिसा आमच्यावर आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "तेही लिहून द्या."

दाराबाहेर मृणाल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "वेडी आहेस का? परत जावं लागेल. काय खाशील तिथे?"

"माहीत नाही."

"मग कशाला हे?"

"मृणालताई, पुढच्या वेळी पाहुणे आले की यादी तुम्ही करा. मला मोजायला शिका."

त्याला अकरा दिवस झाले. लेखी काही आलेलं नाही. ग्रॅहम "गुड मॉर्निंग" म्हणायचा थांबला आहे. कदाचित काढतील. कदाचित मुदत संपेपर्यंत नुसते वाट बघतील. मुलीला अजून सांगितलेलं नाही. ट्रेनमधून उतरताना पाय मागे ओढतात.

राजीनामा मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, माझं नाव घेऊन, माझ्या तोंडावर.

काल आईला फोन केला. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "आई, काम आपलं होतं. पण तेवढ्याने झालं नव्हतं."

आज शुक्रवार. सहल ओनेहंगाला. यादी माझी. चौदा विद्यार्थी, एक शिक्षिका. एकूण पंधरा. शिक्षिकेच्या रकान्यात माझं नाव आहे. पेन्सिलीने नाही, शाईने.