उलटी फाटलेली पट्टी

हे मी घरात सांगितलेलं नाही. मित्रांत बसून आमच्या कंपनीवर हसलो, पुष्कळ हसलो — पण एवढं गाळून. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मोबाइल फोन बनवायचा कारखाना होता. मी कामगार कल्याण विभागात. फोन वाईट नव्हता. फक्त कोणी घेत नव्हतं. आम्हीसुद्धा नाही — साहेबलोक सभेत स्वतःचा, दुसऱ्या कंपनीचा फोन टेबलावर पालथा ठेवत. गेटवर पूर्वी ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असे. तो काढून शेअरचा भाव दाखवणारा पडदा लावला. फलक राहू द्यायला हवा होता.

भाव रोज उतरत होता. खंडेनवमीला मुंबईचे गुंतवणूकदार बघायला येणार म्हणून यंत्रांना झेंडूचे हार घातले, रोबोच्या हातालासुद्धा कुंकू लावलं. पण पाहुण्यांना लाइन चालू दिसायला नको का? आणि चालवायची कशावर? ऑर्डरच नव्हती. मग दुकानदारांकडून परत आलेले फोन लाइनवर सोडले. एका टोकाला खोक्यातून काढायचे, दुसऱ्या टोकाला त्याच खोक्यात भरायचे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना फिरवून दाखवणारा मी होतो.

पॅकिंगला कमलबाई होती. शेंद्र्यापलीकडच्या वस्तीवरची, सासरे अजून मेंढरं राखतात, ही फोन भरायची. पाहुणे पुढं गेल्यावर तिनं मला थांबवलं.

“साहेब, पूजलेल्या मशीनला आज विसावा असतो की. आन् हे खोकं तर मीच भरलेलं हाय, मागच्या महिन्यात.”

“सगळी खोकी सारखीच दिसतात, कमलबाई.”

“मी डावखुरी हाय. माझी चिकटपट्टी उलटी फाटती. बघा तरी.”

मी बघितलं नाही. ही नवी ऑर्डर आहे, म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा आली. कंपनीनं आम्हा सगळ्यांना बोनसऐवजी शेअर दिले होते. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिला ते विकायचे होते. पट्टीचं तिनं परत काढलं नाही. एवढंच विचारलं, “इकू का ठिवू? तुम्ही सांगाल तसं.”

आता — मला काय ठाऊक होतं? सगळं. गोदामात किती खोकी परत आली, तेही. आणि मी म्हणालो, “थांबा. वर जाईल.” कामगारांना धीर द्या, अशी वरून सूचना होती. होती, खरंच. पण ती कमलबाईचं नाव घेऊन आलेली नव्हती. तिनं मान हलवली. स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर तिनं जास्त विश्वास ठेवला.

दसऱ्यानंतर बाजार उघडला त्या सकाळी मी माझे सगळे शेअर विकले. चहा निवायच्या आत.

पुढं गेटवरचा पडदा बंद केला. दाखवण्यासारखा भाव उरला नव्हता. मग लाइन थांबली — यंत्रांना विसावा मिळाला, जरा उशिरा. कमलबाईच्या मुलीचं नर्सिंग राहिलं. मुलगी आता शहरात, गुलमंडीवर साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते.

एवढं सांगूनही मी घुटमळतोयच, बघा. एक राहिलंय.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी कमलबाई माझ्या टेबलापाशी डबा घेऊन आली. ज्वारीच्या भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी.

“तुमचं बी बुडलं ना साहेब? माझ्यापरीस तुमचं जास्तच असंल. वहिनींनी सैपाक तरी केला का न्हाय? खा. लई इचार करू नका.”

मी बुडालेला माणूस घालतो तशी मान खाली घातली. ते मला चांगलं जमलं. आणि तिच्यासमोर बसून सगळा डबा खाल्ला. चटणी झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं. तिनं तांब्या पुढं सरकवला आणि तोंड फिरवून बसली — मला लाज वाटू नये म्हणून.

तिला काय वाटलं, ते मला कळलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. अजून तसंच आहे.