बेलभंडारा उचललेला माणूस

त्या काळात माझं आणि देवाचं बोलणं जवळजवळ बंद होतं. मी सरकारी व्यसनमुक्ती विभागात समुपदेशक आहे, कंत्राटी. करार संपतो, पुन्हा जोडला जातो. कायमची जागा निघाली तेव्हा ती माझीच असं सगळे धरून चालले होते. मिळाली माझ्याच हाताखाली काम शिकलेल्या मुलीला. त्या जागेसाठी मी खंडोबाला जागरण बोलले होते, आणि बोलतानाही घासाघीस केली होती: आधी जागा, मग जागरण. लातूरहून आल्यावर मी पिंपरी कॅम्पात कपड्यांच्या दुकानात काम करून शिकले. गिऱ्हाईक पायरी उतरून रस्त्याला लागेपर्यंत सौदा संपत नाही, हे तिथे अंगात मुरलं. देवाशीही माझा तसाच व्यवहार होता. त्याने त्याची बाजू पाळली नाही, म्हणून मी देवघरात दिवा लावायचे, पण काही मागायचे नाही आणि काही सांगायचेही नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे हे मी त्याला रोज गप्प राहून ऐकवत होते.

काम मात्र नेटाने चालू होतं. चाकणच्या बाजूला माझी ओपीडी असते. कंपन्यांमधली माणसं येतात. बहुतेकांना बायको नाहीतर आई ओढून आणते. त्यांच्यासमोर बसून मी एकच गोष्ट सारखी सांगते: जो रोज सकाळपासून पितो, त्याने आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नये. शरीर बिथरतं. हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेलं दिसायला लागतं, फिट येते, माणूस जातोही. म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळ्या देऊन, हळूहळू उतरवायची असते. लोक मान डोलावतात. पण दारू पिण्याने माणूस मरतो हे त्यांना पटतं, दारू सोडण्याने मरू शकतो हे काही केल्या पटत नाही.

संपत हा कुरुळीच्या जुन्या शेतकरी घरातला. बरीचशी जमीन कंपनीत गेली आणि तो स्वतःही सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रेस मशिनवर लागला. त्याची बायको मंगल त्याला घेऊन आली होती. पुष्कळ बोलणी झाल्यावर तो दवाखान्यात भरती व्हायला तयार झाला, सोमवार ठरला. पण त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादाभाऊ म्हणतात, त्याला हे मान्य नव्हतं. आपल्या घरातला गडी दारू सोडायला दवाखान्यात जाणार, ही त्याला नामुष्की वाटली. त्याने आधीच संपतला गावच्या खंडोबासमोर उभं केलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन घेतलेली ही शपथ त्या गावात कुणी मोडत नाही. थेंब घेणार नाही, नशेच्या कसल्याच वस्तूला शिवणार नाही, असं संपत बोलला आणि त्याच दिवशी त्याची दारू तुटली.

मला हे कळलं रविवारी, मंगलच्या फोनवरून. "ताई, ह्यांच्या अंगात द्येव आलाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "देवळात बसवलंय. सगळी पाया पडत्यात. पर मला त्ये बरं दिसंना."

मी स्कूटर काढली. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा होत्या. दुपार झाली तेव्हा मी देवळात पोचले. संपत सभामंडपात खांबाला टेकून बसला होता. अंगावर भंडारा उधळलेला, खाली घामाने सदरा चिकटलेला. हात असे हलत होते की बायका त्याला देवाचा वारा म्हणत होत्या. दारातल्या उन्हाकडे बोट दाखवून तो ओरडला, "घोडा आला! पांढरा घोडा! सरका, सरका!" जमलेल्या लोकांनी येळकोट केला. खंडोबाचा घोडा ज्याला दिसतो त्याच्याबद्दल शंका कुणी घ्यायची? मी जवळ जाऊन कपाळाला हात लावला. अंग तापलेलं होतं. मी त्याला नावाने हाक मारली, तर त्याने मला कुणी दुसरीच समजून बाजूला व्हायला सांगितलं.

मी दादाभाऊला बाहेर घेतलं आणि सांगितलं की हा देव नाही, दारू तुटल्याचा आजार आहे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

"मॅडम, तुमी इतकं दिस त्याच्याशी बोल बोल बोलला," तो म्हणाला. "सुटली का? न्हाई. देवानं एका झटक्यात सोडवली. आता तुमी त्याला परत नशेच्या गोळ्या देनार. बेलभंडारा मोडला तर घर बसंल आमचं."

मग मी भावात खाली उतरले. म्हटलं, गोळी राहू दे, नुसतं सलाईन लावू. मागून एक जण म्हणाला, "राव, सलाईनची बी बाटलीच असती की!" लोक हसले. मी आणखी उतरले: दवाखान्यात नेऊ नका, डॉक्टरला इथे आणते, तो नुसता बघेल. दादाभाऊने नकाराची मान हलवली. सौद्यात समोरच्याला काहीतरी हवं असावं लागतं. या माणसाला माझ्याकडचं काहीच नको होतं. मग माझा तोल गेला. "असं करा, तिरडीचं सामानही आजच आणून ठेवा," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

त्यानंतर माझं कुणी ऐकणार नव्हतं. दोन बाया मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेल्या. मंगल रडत होती, पण नवऱ्याला सोडून माझ्याकडे येण्याची तिची हिंमत नव्हती. मी पोलिसांना फोन करावा का याचा विचार केला, अॅम्ब्युलन्सला लावलाही. पण आलेल्या गाडीत माणूस घालायला गाव तयार हवं. मी गाभाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. सवयीने मनात बोली सुरू झाली. याला वाचव, मी जागरण घालते. याला वाचव, मी त्या जागेवरचा हक्क सोडते. मग माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याच माणसाच्या जिवाचा भाव त्यालाच सांगते आहे. मी थांबले. मनात एवढंच आलं, तुझा आहे, तुझं तू बघ. बऱ्याच दिवसांनी मी त्याच्यापुढे काही न मागता, काही न ठरवता उभी होते.

तेवढ्यात दारात कोंडाबाई आली. शेजारच्या निघोजे गावची ही म्हातारी. तिच्या अंगात खंडोबा येतो अशी सगळ्या भागात ख्याती. दारू सोडवायला लोक तिच्याकडे अंगारा न्यायला जायचे. अंगाऱ्याने दारू सुटत नाही, असं मी एकदा गावच्या बैठकीत तिच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि ते सौम्य शब्दांत सांगितलं नव्हतं. तिला पाहून माझी उरलीसुरली आशा गेली. ती रविवारच्या दर्शनाला आली होती. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग संपतपाशी बसली, त्याच्या गळ्याला हात लावला, डोळ्यांत बघितलं. घोडा कुठं आहे असं विचारलं. त्याने भिंतीकडे दाखवलं.

कोंडाबाईचे केस सुटले. श्वास मोठा झाला, अंग घुमू लागलं. लोक मागे सरले. निघाला तो आवाज जाड होता.

"मी ह्येच्यात न्हाई. लेकराचा जीव जायला लागलाय आन् तुमी भंडारा उधळताय व्हय रं?"

दादाभाऊने हात जोडले. "देवा, त्यानं बेलभंडारा उचललाय. दवाखान्यात गोळी देत्यात."

"शपथ कुनापुढं घेतली?"

"तुमच्यापुढं, देवा."

"मग त्या गोळीचं पाप माझ्याकडं लागलं. उचला!"

देवळासमोर कंपनीचा माल वाहणारा एक टेम्पो उभा होता. नाही म्हणणाऱ्यांनीच संपतला उचललं. अॅम्ब्युलन्स अजून रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेली होती. ती वाटेत भेटली आणि तिच्यात घालतानाच त्याला फिट आली. आतल्या डॉक्टरने लगेच इंजेक्शन दिलं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. दादाभाऊ रोज यायचा आणि गोळी तोंडात जाण्याआधी भावाच्या कपाळाला भंडारा लावायचा. नर्सने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लावू द्या.

कोंडाबाईने ते मुद्दाम केलं की खरंच देव बोलला, हे लोक मला विचारतात. समोरचा खोटं बोलतो आहे का हे ओळखण्यावर मी अर्धं आयुष्य पोट भरलं आहे. त्या दुपारी मला ते ओळखता आलं नाही, आणि आता ओळखायची इच्छाही नाही. तिला जाऊन भेटले, पाया पडले. "बस, च्या घे," एवढंच ती म्हणाली. मी मागचं काढलं नाही, तिनेही नाही. हल्ली तिच्याकडे कुणी पिणारा आला की ती अंगारा देते आणि माझ्या ओपीडीचा वार सांगते.

माझी जागा मला मिळाली नाही. राग आहे, तो मी लपवत नाही, आणि त्यासाठी भांडणही चालू आहे. फक्त ते भांडण मी देवाच्या दारात नेत नाही. मी जिथे हरले, तिथेच काम झालं होतं. माझ्या युक्तीने नाही, रागाने तर नाहीच. आपण जमेल ते करावं आणि त्यानंतर हात मोकळे ठेवावेत, इतकं मला समजलं. दर वेळी जमत नाही.

संपतला सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेले. तो उशीला टेकून बसला होता. दादाभाऊ खिडकीपाशी, मंगल स्टुलावर. संपत हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगा. माझ्या अंगात आला हुता का द्येव?"

दादाभाऊने खिडकीबाहेरची नजर आत वळवली.

"तुमच्या अंगातनं दारू उतरत होती, संपतराव," मी म्हणाले. "देव आला होता. पण तुमच्या अंगात नाही. तुम्हाला न्यायला."

दादाभाऊने डोळे पुसले. मंगलने पेल्यावरची ताटली काढून दूध नवऱ्यापुढे धरलं, आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरून प्यायलं. हात कापत नव्हते.