दुपारच्या झोपेत हुकलेला सूर्यास्त

मंडळी, अंदमानातून लिहितेय. आज सकाळीच बेटावर उतरलो. पाणी हिरवंनिळं, तंबू थेट माडांखाली. फोटो नंतर टाकते, आत्ता मूड नाही.

अख्ख्या सहलीत बाबांची मागणी एकच होती, वाळूत बसून सूर्यास्त बघायचा. जेवल्यावर ते म्हणाले, "आत्ताच जाऊन बसू या का?"

मी पक्की पुणेकर, दुपारची झोप सोडवत नाही. म्हटलं, "अहो बाबा, एवढ्या उन्हात? सूर्य काय सहाच्या आत मावळतोय होय? जरा पडा, मी उठवते."

जाग आली तेव्हा बाहेर अंधारत होतं. मला वाटलं, आभाळ आलंय. तंबूवाले हसले. हे बेट इतकं पूर्वेला आहे की थंडीत इथे पाचलाच सूर्य बुडतो म्हणे. आणि उद्या सकाळच्या बोटीने आम्ही परत!

बाबा एवढंच म्हणाले, "असू दे गं. पुण्यातही मावळतोच की."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. आत्ता ते काळ्या समुद्राकडे तोंड करून एकटेच वाळूत बसलेत. मी शेजारी जाऊन बसतेय, पण बोलू काय?