काळ्या पट्ट्याच्या अलीकडे

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला सगळे ओळंबाच म्हणत, म्हणजे भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला लोंबतं सोडतात ते वजन. त्याच्या कामात सूतभर वाकडं सापडायचं नाही, आणि कुणी चूक दाखवली तर तोही वाकायचा नाही.

विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवारा बांधला होता. तिथली फरशी त्यानंच बसवलेली. जेवणघराच्या दाराशी हातभर रुंद, चकचकीत काळा पट्टा होता. ती त्याची स्वतःची हौस. वर्षभरानं एक सुटलेली फरशी बसवायला तो गेला, तेव्हा तिथल्या देखभाल करणाऱ्या ताईंनी बोलता बोलता सांगितलं, की जेवायच्या वेळी निम्मी मंडळी दारातच अडतात, हाताला धरलं तर ओरडतात. डॉक्टरांना वाटत होतं, भूकच मेली असावी.

तेवढ्यात तिथं राहणाऱ्या, एकेकाळी शाळेत शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई पट्ट्यापर्यंत आल्या. पाऊल उचललं आणि मागे घेतलं.

"चला की बाई, जेवण गार होतंय," मिस्त्री म्हणाला.

"आणि या खड्ड्यात पडू? तुला दिसत नाही का रे?"

त्याला हसू येत होतं, पण बाई दाराची चौकट घट्ट धरून उभ्या होत्या. तो गुडघ्यांवर बसला, डोळे बारीक करून बघितलं. खिडकीचा उजेड पडून पट्टा खोल पाण्यासारखा दिसत होता. त्यानं सामान झाकायचं तपकिरी कापड त्यावर पसरून कडा चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. बाई सरळ आत गेल्या. मागून आणखी तिघं.

घरी त्यानं ताट बाजूला सारलं. "वर्षभर माझ्यामुळे अर्धपोटी राहिली गं ती माणसं," तो बायकोला म्हणाला.

"मग उद्याच काढून टाक," ती म्हणाली. "इथं बसून काय होणार?"

सकाळी त्यानं इमारतीच्या आर्किटेक्ट बाईंना बोलावून सगळं सांगितलं, चूक आपली, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या की पट्टा त्यांनाही आवडला होता. दिवसभर दोघं बसून माणसं कुठं अडखळतात ते बघत राहिली. मग पट्टा उखडला आणि सगळीकडे एकाच मातकट रंगाची, न चमकणारी फरशी आली. भिंतीत मिसळून जाणारं संडासाचं दार पिवळं केलं. लांब बोळाच्या टोकाशी येऊन माणसं गोंधळून उभी राहत, तिथं खिडकी पाडून बाक ठेवला.

दोन महिन्यांत आरडाओरडा कमी झाला. शाळेच्या बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मिस्त्री अधूनमधून जातो. बाई दर वेळी विचारतात, तू कुणाचा रे? तो सांगतो आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसतो. शाळेची तीच एक गोष्ट त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि तो निवांत ऐकत राहतो.