अर्थशास्त्राला दहावा पाहिजे

आमच्या वर्गातले दोघं कुठं भेटले, की तिसऱ्याची खैर नसते. चहा गार होतो, घरून दोनदा बोलावणं येतं, पण लिमये मास्तरांचे किस्से काही संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागं दुसरा उभाच असतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मॅट्रिकचे पेपर नागपूरहून यायचे. अमरावतीच्या आमच्या हायस्कुलात अर्थशास्त्र नावाचा नवाच ऑप्शनल विषय निघाला. शिकवायला पुण्याहून लिमये मास्तर आणले. पोरं मिळाली नऊ. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "नाताळपर्यंत दहावा आला तर विषय राहील. नाहीतर तुम्ही सगळे संस्कृतला आणि लिमये परत पुण्याला."

संस्कृतच्या सरांची छडी साऱ्या शाळेला माहीत होती. त्यामुळं पहिल्या दिवशी तरी आम्हाला विषयापेक्षा स्वतःच्या पाठीची काळजी जास्त होती.

*

पहिल्याच पिरियडला मास्तरांनी विचारलं, "गरज म्हणजे काय?"

नथ्थू उभा राहिला. नथ्थू माळ्याचा, गावाबाहेर त्यांचा संत्र्यांचा आणि भाजीचा मळा. भीड नावाची चीज त्याच्या गावी नव्हती.

"मास्तर, तुमी लय भरभर बोलून राह्यले. आमाले काही समजत नाही. सावकाश बोला, हे आमची गरज हाय."

आम्हाला वाटलं, आता नथ्थू मार खातो. मास्तर फळ्याकडं वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गरज पहिली : मास्तरांनी सावकाश बोलणे.' त्या दिवसापासून ते खरंच सावकाश बोलायला लागले.

*

मग आला घटत्या समाधानाचा नियम. एकच वस्तू खात गेलं, की प्रत्येक नगाचं समाधान आधीच्यापेक्षा कमी होत जातं, असा तो नियम. मास्तर हौशी. स्वतःच्या पैशानं टोपलीभर संत्री घेऊन आले आणि नथ्थूला पुढं बसवलं.

नथ्थूनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं सोलायला घेतलं. दर संत्र्यामागं मास्तर विचारत, "आता कसं वाटतं?" आणि नथ्थू म्हणे, "मजा हाय." टोपलीचा तळ दिसायला लागला. मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"नथ्थू, खरं सांग. समाधान कमी होतंय ना?"

"तुमचं होऊन राह्यलं, मास्तर. माह्यं नाही."

*

डिमांड-सप्लाय दाखवायला मास्तर आम्हाला कापसाच्या बाजारात घेऊन गेले. पुस्तकात लिहिलं होतं, की बाजारात दहाजण बोली करतात आणि त्यातून भाव ठरतो. मास्तर रुमालानं मान पुसत उभे राहिले. समोर एक दलाल आणि एक गाडीवाला. दोघांनी उपरण्याखाली हातात हात घातले, बोटं दाबली, सोडली. तोंडातून चकार शब्द नाही.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "बोली कधी सुरू होते इथं?"

आमचा देवीदास अडत्याचा पोरगा. तो म्हणाला, "झाली ना मास्तर. थे पाहा, गाडी रिकामी होऊन राह्यली."

परतताना शाळेच्या फाटकाशी थांबून मास्तर म्हणाले, "पण उपरण्याखालचा भाव बाकीच्या शेतकऱ्यांना कळणार कसा?"

"कळू नये म्हून त उपरणं हाय," देवीदास म्हणाला.

*

एव्हाना आम्हाला विषय आवडायला लागला होता, आणि मास्तर त्याहून जास्त. त्यांनी जाऊ नये असं मनापासून वाटायचं. दहावा मात्र सापडत नव्हता. शेवटी आम्ही संस्कृतच्या वर्गातून बबनला पटवून आणला. मास्तरांनी त्याला विचारलं, "तुला हा विषय का घ्यावासा वाटतो?"

बबन भोळा. "मले नाही वाटत, मास्तर. तिकडं छडी बसते म्हून आलो."

मास्तरांनी त्याला प्रेमानं परत पाठवला. आम्ही कपाळाला हात लावला. नथ्थू तर भांडायलाच उठला, "दुकान बुडून राह्यलं अन् तुमी गिऱ्हाईक वापस करता?"

"त्याला माल नकोय रे," मास्तर म्हणाले, आणि पुढचा धडा काढला. असा हट्टी माणूस!

*

नाताळ तोंडावर आला. एका दुपारी पिरियड चालू असताना नथ्थूचे वडील दारात उभे. मळ्यात संत्र्यांची तोड सुरू होती आणि पोरगा इथं बसलेला. "कोणतं शास्त्र शिकून राह्यला ते पाहाले आलो," म्हणाले आणि मागच्या बाकावर बसले. मास्तर वस्तूचा भाव कसा ठरतो ते समजावत होते. म्हाताऱ्यानं मान हलवत पूर्ण पिरियड ऐकला. मग उठले, "चाल," म्हणाले आणि नथ्थूला घेऊन गेले.

आम्ही उरलो आठ. मास्तरांनी त्या दिवशी गृहपाठ दिला नाही. देवीदास घरी जाताना रडला, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गात येऊन मास्तरांशी हळू आवाजात बोलत होते. काय बोलत असतील ते आम्हाला कळत होतं. तेवढ्यात नथ्थू दप्तर घेऊन आला. त्याच्या मागं वडील, आणि वडिलांच्या मागं त्याची बहीण सुमित्रा. मुलींच्या शाळेत होते तेवढे वर्ग संपवून ती घरीच बसली होती.

"हिचं नाव लिहा," वडील म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, ही मुलांची शाळा आहे."

"माहीत हाय. काल घरी जाऊन मी सगळ्याईले सांगतलं, संत्र्याचा भाव कसा ठरते, मजुराचा कसा ठरते. त हे पोरगी मले इचारते, आई दिवसभर मळ्यात राबते, तिच्या कामाचा भाव कोण ठरवते?"

त्यांनी नथ्थूकडं बोट केलं.

"माह्यापाशी काही उत्तर नाही. याले इचारलं त हा बैलाले पाणी दाखवाले उठून गेला. तुमच्यापाशी असन त सांगा, मी हिले घरी घेऊन जातो."

हेडमास्तरांनी लिमये मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"माझ्याकडंही नाही," ते म्हणाले. "वर्ष तरी लागेल. बसू द्या तिला."