जागेवर चालणारी गाडी

रविवारची दुपार आहे. जेवण झालेलं आहे, ओटा पुसून झालेला आहे, आणि सुनंदाबाई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पाय लांब करून बसल्या आहेत. झोपायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं आहे. संध्याकाळी कराडचे पिसाळ गाडी न्यायला येणार आहेत, आणि परक्या माणसापुढे डोळे चोळत उभं राहणं मुलींच्या शाळेत हयातभर भूगोल शिकवलेल्या बाईंना शोभणार नाही. समोर पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी आहे. निळी, बुटकी, रुंद टायरांची, मागे सायलेन्सरची दोन तोंडं असलेली. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, प्रमिलाअक्काची. बँकेतून निवृत्त होताना सगळ्यांनी अक्काला उंच, ऐसपैस, वयाला साजेशी गाडी घ्यायला सांगितलं, आणि अक्का ही घेऊन आली. ‘मला माणसं न्यायची नाहीत, मला घाट चढायचा आहे,’ एवढंच ती म्हणाली होती.

अक्काला जाऊन आता दीड वर्ष होत आलं. यजमान गेल्यावर सुनंदाबाई याच घरात बहिणीजवळ राहायला आल्या, आणि घराबरोबर गाडीही त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या नावावर झाली, हवाली झाली, पण हाताखाली कधी आली नाही. दर गुरुवारी पूजा आटोपली की त्या कव्हर काढतात, पुढच्या सीटच्या अगदी टोकावर बसतात, किल्ली फिरवतात आणि एक स्तोत्र म्हणून होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात. मग बंद करून कव्हर पुन्हा घालतात. एकही गुरुवार चुकलेला नाही. तरीही गेल्या गुरुवारी गाडी मुळीच सुरू झाली नाही. शेजारच्या जगतापांनी बॅटरी चार्ज करून दिली, पण सुनंदाबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. पुण्याहून रणजित फोनवर म्हणाला, “आई, तुझ्याच्याने होत नाही, त्यात कमीपणा काय? देऊन टाकू.” त्या बरं म्हणाल्या. तेव्हापासून मात्र घास गोड लागत नाही.

शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. ती संपत नाही. बारीक होत जाते, लांबते आणि इंजिनाच्या आवाजात मिसळून जाते.

“डांबराच्या गोळ्या ठेवल्यास होय गं गाडीत?”

अक्का शेजारच्या सीटवर बसलेली आहे. बँकेत नेसायची ती राखाडी इरकल, पदर कमरेला खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. नाक मुरडून ती वास घेते आहे. सुनंदाबाई स्टीअरिंगसमोर आहेत. व्हरांड्यातून इथे त्या कशा आल्या, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

“उंदीर वायरी कुरतडतात म्हणे,” त्या सांगतात.

“कुरतडतात, उभ्या गाडीच्या. पण हा वास म्हणजे पैठणीच्या ट्रंकेत बसल्यासारखं वाटतंय.” अक्का काच खाली करते. “दसऱ्याला हार घातलास?”

“घातला. आणि कुंकू नंबरप्लेटला लावलं, रंगाला नाही.”

“शहाणी.”

ही शाबासकी ऐकून सुनंदाबाईंना लहानपणीइतकाच आनंद होतो, आणि त्याच भरात त्या सांगून टाकतात, “दर गुरुवारी चालू करते मी हिला. एकदाही चुकवलेलं नाही.”

“आणि नेतेस कुठे?”

“कुठे नाही. जागेवरच.”

अक्का त्यांच्याकडे बघते. कॅशियरच्या हिशेबात चूक सापडली की ती बँकेत जशी बघत असे, तशीच. रागाने नव्हे, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत. आणि खरंच, विंडशील्डच्या पलीकडे शेड राहिलेली नाही. बँकेचा काउंटर आहे, काचेमागे टेबलफॅन फिरतो आहे, रांगेत माणसं पासबुकं घेऊन उभी आहेत, आणि गाडी त्या रांगेत सरकत सरकत पुढे चालली आहे.

“नंदे, अशी उभ्या उभ्या चालू करून बॅटरी भरत नाही. सुरू करायला जेवढी खर्ची पडते, तेवढीसुद्धा परत मिळत नाही तिला. टायरची एकच बाजू जमिनीला टेकून राहते, ती बसते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो. ऑइल धड तापत नाही. तू दर गुरुवारी तिला उठवून बसवतेस आणि पुन्हा निजवतेस.”

“मला वाटलं, मी जपतेय.”

“जपतेच आहेस. लोणच्याची बरणी जपावी तशी.”

सुनंदाबाईंना हे लागतं. “तू बोलून मोकळी झालीस. मागे एकदा घाटात बंद पाडली होती मी, आठवतं ना? मागे एसटी. तो ड्रायव्हर खाली उतरून आला होता.”

“आठवतं. ‘मावशी, तुम्ही तिकडं बसा नि मोठ्या मावशींना द्या’ म्हणाला होता.”

“आणि तू हसलीस.”

“हसले. मग? तू खाली उतरलीस ती पुन्हा चालवायला बसलीच नाहीस, यात माझ्या हसण्याचा दोष किती आणि तुझ्या तोऱ्याचा किती, ते तूच ठरव.”

रांगेतला पुढचा माणूस पासबुक घेऊन बाजूला होतो आणि आता सुनंदाबाईंचा नंबर आलेला आहे. गाडी पुढे घ्यायला हवी. त्या पाय पुढे करतात. पेडल जेमतेम अंगठ्याला लागतं.

“अशी टोकावर काय बसलीस? कुणी उठवायला येणारे का?”

“सीट तुझ्या मापाची आहे. तू उंच.”

“खाली हात घाल. आडवी दांडी लागेल. वर ओढ आणि पुढे सरक.”

सुनंदाबाई हात खाली नेतात. दांडी हाताला लागते, थंड, ओळखीची. दर गुरुवारी हात तिथवर जातो आणि परत येतो. आजही त्या ती ओढत नाहीत.

“मग तू कशी बसशील?” त्या विचारतात.

पंख्याच्या वाऱ्याने काउंटरवरचे कागद फडफडतात. मग अक्का अगदी साध्या आवाजात म्हणते, “मी इकडे बसलेय की गं. या बाजूला.”

सुनंदाबाई दांडी ओढतात. सीट खडखडत पुढे येते, थांबते. पाठ टेकते. पेडल तळव्याखाली येतं. हे इतकं सोपं होतं, याचा त्यांना थोडा रागच येतो.

गाडी निघते. कॉलनीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. अक्का नुसती बोटाने खूण करते, आणि सुनंदाबाई गाडी तिरकी घालतात, आधी एक चाक, मग दुसरं. गाडीचं पोट घासत नाही. समर्थ मंदिराकडे वळायचं म्हणून त्या वळतात, तर समोर शाळेचा लांबलचक कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना वर्ग भरलेले आहेत. नववीच्या मुली सह्याद्रीच्या घाटांची नावं एका सुरात म्हणत आहेत: थळ, बोर, कुंभार्ली, आंबा. सुनंदाबाई दबकून चालवतात. मुख्याध्यापिका बाहेर आल्या तर काय सांगायचं?

“तिसऱ्यात टाक,” अक्का म्हणते. “दुसऱ्यात ओरडतेय ती.”

“मुलींना त्रास होईल.”

“मुली तुझ्याकडे बघून खूश आहेत. गिअर बदल.”

त्या गिअर बदलतात. आवाज बसतो, आणि पाठीला हलका रेटा जाणवतो. अक्का ज्यासाठी दर रविवारी पहाटे घराबाहेर पडायची, ते हे असणार. मुली खिडक्यांतून हात हलवतात. कॉरिडॉर चढणीला लागतो, फरशीचा डांबरी रस्ता होतो, आणि यवतेश्वरचा घाट सुरू होतो. खाली सातारा पसरलेला आहे, समोर अजिंक्यतारा. पहिलं वळण जातं, दुसरं जातं. तिसऱ्यावर पुढे म्हशी आडव्या येतात, सुनंदाबाई ब्रेक दाबतात, आणि गाडी एक आचका देऊन बंद पडते.

तेच वळण. आरशात एसटी उभी आहे.

“घे,” त्या म्हणतात. “तूच घे आता.”

“मला येत नाही,” अक्का म्हणते.

“काय बोलतेस? तुला येत नाही?”

“आता नाही येत. हात लागत नाहीत.” अक्का आपले तळहात मांडीवर उलटे करून बघते. एखाद्या बंद झालेल्या खात्याची माहिती द्यावी, तसं तिने हे सांगितलेलं आहे. “चप्पल काढ. तळव्याला कळू दे.”

सुनंदाबाई चपला काढून मागे सारतात. हँडब्रेक ओढतात, किल्ली फिरवतात. डाव्या पायाखाली क्लचचं रबर आहे, त्यावरच्या आडव्या कडा बोचतात.

“हळू सोड. पाऊण... अजून. थांब. काय जाणवतंय?”

“थरथरतेय.”

“गाडी की पाय?”

“दोन्ही.”

“तीच जागा. तिथे पाय धरून ठेव. दुखला तरी धरून ठेव.”

पाय दुखतो. पोटरी ताठ होते. मागे एसटीचा हॉर्न वाजत नाही. सुनंदाबाई आरशात बघतात, तर बसमधली माणसं मांडीवर डबे आणि थर्मास घेऊन शांत बसलेली आहेत, दवाखान्यात भेटायची वेळ होण्याची वाट बघत बसतात तशी. घाई कुणालाच नाही.

“आता हँडब्रेक सोड.”

गाडी मागे जात नाही. क्षणभर घाटाच्या अंगावर नुसती तोलून राहते आणि मग वर जाऊ लागते. सुनंदाबाईंच्या तोंडून आवाज फुटतो. तो हसण्याचा की कसला, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

“बघ,” अक्का म्हणते, “आणि ड्रायव्हर खाली उतरला नाही.”

वर सपाटी आहे. गवत, वारा, आणि रस्त्याकडेला कुणीच नाही. सुनंदाबाई गाडी बाजूला घेतात आणि किल्लीकडे हात नेतात, तेव्हा अक्का त्यांचा हात न धरताच थांबवते.

“लगेच बंद करू नको. चढून आलीय, टर्बो तापलेला आहे. तशीच बंद केलीस तर आतलं ऑइल जळतं. थोडी निवू दे.”

“म्हणून तू गेटाशी गाडीत बसून राहायचीस? मला वाटायचं, तुला घरात यायचं नाही.”

“घरात यायचं असायचंच गं. भूक लागलेली असायची.”

इंजिन हलक्या आवाजात चालू राहतं. दोघी समोरच्या गवताकडे बघत बसतात.

“पिसाळ येणारेत संध्याकाळी,” शेवटी सुनंदाबाई म्हणतात. “काय सांगू त्यांना?”

“गाडी तुझ्या नावावर आहे.”

“तू सांग ना.”

“चालवणार नसशील तर आजच दे. तो चालवेल तरी. माझ्यासाठी म्हणून ठेवू नकोस, मला तिचा आता काही उपयोग नाही.” अक्का दार उघडते, एक पाय बाहेर टाकते, पदर सावरते. “चालवणार असशील, तर उद्या हवा तपासून घे. टायर थंड असताना. पंपावरचा पोरगा मनाने जास्त भरतो, त्याला भरू देऊ नको.”

“तू चाललीस कुठे?”

“पाय मोकळे करते. हं, झाली निवून. बंद कर आता.”

सुनंदाबाई किल्ली फिरवतात. इंजिन थांबतं. इतकी शांतता होते, की त्या शांततेने त्यांना जाग येते.

व्हरांडा. वेताची खुर्ची. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलेलं आहे. गेटाची कडी वाजते आहे. त्या उठायला जातात, आणि डावी पोटरी दुखते. त्या वाकतात, पाय मांडीवर घेतात. तळव्यावर, बोटांच्या जरा खाली, आडव्या रेषा उमटलेल्या आहेत, एकीखाली एक, सरळ आणि लालसर. सुनंदाबाई आधी खुर्चीच्या वेताची वीण बघतात; ती चौकड्यांची आहे. मग खाली फरशी बघतात. ती गुळगुळीत आहे. उजवा तळवा बघतात. त्याच्यावर काही नाही. त्या अंगठ्याने रेषा चोळतात. त्या जात नाहीत.

“मावशी, मी पिसाळ,” गेटातून आवाज येतो. तरणाबांड माणूस आहे, नम्र आहे, आणि त्याची नजर केव्हाचीच शेडकडे गेलेली आहे. “रणजितदादांनी सांगितलं असेल. चावी देता का? एक चक्कर मारून बघतो.”

सुनंदाबाई किल्ली घेऊन येतात, पण त्याच्या पुढे केलेल्या हातात देत नाहीत.

“चक्कर मी मारते. यवतेश्वरपर्यंत. तुम्ही बाजूला बसा.”

“तुम्ही?”

“मला जमलं, तर गाडी द्यायची नाही. तुम्हाला हेलपाटा पडला, त्याबद्दल चहा पाजेन. नाही जमलं, तर तिथूनच घेऊन जा.”

पिसाळ हसतात. मग त्यांच्या लक्षात येतं, की बाई हसत नाहीत. ते मुकाट्याने कव्हराचं एक टोक धरतात, दुसरं सुनंदाबाई धरतात, आणि दोघं मिळून ते काढतात. दार उघडताना पिसाळांची नजर खाली जाते.

“मावशी, चपला राहिल्या तुमच्या.”

“राहू देत,” सुनंदाबाई म्हणतात आणि आत बसतात.